जिन्यातला भूमध्य समुद्र : बोनारची तीन पॅनेलं

ताम्हण

मॉस्कोतल्या प्रेचिस्तेन्का रस्त्यावर इवान मोरोझोव्ह या गिरणीमालकाचा वाडा होता. घराण्याचा धंदा त्वेरच्या कापडगिरण्यांचा, याचा जीव मात्र फ्रेंच चित्रांत. पॅरिसला जायचं, सेझान, गोगँ, मातिस खरेदी करून यायचं, असा शौक. १९१० मध्ये त्याने पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराला काम सांगितलं. वाड्याच्या मुख्य जिन्यासमोरची भिंत मोकळी होती, ती भरायची. भिंतीत अर्धे खांब बसवलेले होते, त्यामुळे तिचे आयतेच तीन उभे भाग पडले होते. बोनारने एकेका भागासाठी एकेक कॅनव्हास रंगवला. प्रत्येकाची उंची चार मीटरपेक्षा जास्त, रुंदी साधारण दीड मीटर. विषय, भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा.

खाली बागेत बायका आणि मुलं. वर झाडांचा दाट पाला, तो एका पॅनेलमधून दुसऱ्यात पसरत गेलेला. आणि मागे समुद्र. तिन्हींत मिळून एकच देखावा आहे, मधे खांब येतात इतकंच. म्हणजे जिना चढणाऱ्याला वाटावं की आपण कुणाच्या तरी ओसरीवर उभे आहोत आणि खांबांमधून बाहेर बघतोय. चित्रकाराला भिंतीचा अडथळाच कामी आला. मला या चित्रात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आता हे मॉस्कोत आहे हे विसरू नका. बाहेर बर्फ, अंगावरचा फरकोट नोकराच्या हाती द्यायचा, आणि समोर दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सां-त्रोपेची दुपार!

बोनार १९०९ मध्ये सां-त्रोपेला आँरी मांगँ या चित्रकार मित्राकडे राहिला होता. तिथून त्याने आईला कळवलं होतं की इथे आल्यावर अरबी सुरस कथांत शिरल्यासारखं झालं. समुद्र, पिवळ्या भिंती, आणि उजेडाइतकेच रंगीत कवडसे. पण ही पॅनेलं त्याने समुद्रासमोर बसून केलेली नाहीत. तो जागेवर पेन्सिलीने बारीकसारीक टिपणं काढायचा आणि रंगवायचा नंतर, घरी, आठवणीतून. कॅनव्हास चौकटीवर न ताणता सरळ भिंतीला ठोकायचा.

१९११ मध्ये पॅनेलं पूर्ण झाली आणि मॉस्कोला जाण्याआधी पॅरिसच्या सालों दोतोन या प्रदर्शनात मांडली गेली. त्याच प्रदर्शनात क्युबिस्टांची खोली होती. गदारोळ सगळा तिथे झाला.

पुढची गोष्ट उदास आहे. १९१८ मध्ये मोरोझोव्हचा संग्रह सरकारजमा झाला, तो देश सोडून गेला आणि १९२१ मध्ये वारला. चित्रांचं संग्रहालय झालं, तेही १९४८ मध्ये बंद करून चित्रं मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये वाटली. तीन पॅनेलं लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयाकडे गेली. मोरोझोव्हने १९१२ मध्ये त्याच जिन्यासाठी आणखी दोन पॅनेलं करून घेतली होती, एक वसंताचं आणि एक शरदातल्या फळतोडणीचं. ती मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात राहिली. वाड्यात आज रशियाची कला अकादमी आहे.

तर प्रश्न असा : जे चित्र एका ठरावीक भिंतीसाठी, ठरावीक खांबांच्या हिशेबाने केलं, ते तिथून काढल्यावर किती उरतं?

पेठेतला कावळा

माहिती चांगली. पण शेवटी हे श्रीमंताच्या घरातलं सोफ्यामागचं चित्रच ना? निळा समुद्र, ऊन, झाडं, निवांत बायका. लोणावळ्याच्या कुठल्याही रिसॉर्टात शिरा, रिसेप्शनच्या मागे हेच लटकलेलं असतं, बोगनवेलीसकट. तिथे आपण नाक मुरडतो. इथे खाली बोनारची सही आहे म्हणून ‘अहाहा’ करायचं?

(हलके घ्या. पण उत्तर द्या.)

रेघोट्या

कावळेबुवा, उत्तर देतो, कारण पोटापाण्यासाठी मी रिसॉर्टवाल्यांना ती बोगनवेल काढून दिलेली आहे.

रिसॉर्टच्या चित्रात गिऱ्हाइकाला ऊन हवं असतं, म्हणून सगळीकडे ऊन टाकावं लागतं. भिंत पांढरी, वाळू पांढरी, समुद्र ट्यूबमधून पिळल्यासारखा निळा. अशा चित्रात ऊन असतं पण उकडत नाही. डोळे बारीक करावेसे वाटत नाहीत. बोनारने उलटा हिशेब केलाय. चार मीटरच्या उंचीत वरचा मोठा भाग पाल्याने भरलाय. तुम्ही सावलीत उभे आहात आणि ऊन पलीकडे आहे. सावलीतून बघितल्याशिवाय ऊन प्रखर वाटतच नाही. आणि ती सावली काळी किंवा तपकिरी नाही, निळी-जांभळी-हिरवी आहे. त्याला शास्त्रीय कारण आहे. सूर्य थेट पोचत नाही तिथे आभाळाचा निळा उजेड पोचतो, शिवाय शेजारच्या पिवळ्या भिंतीचा, गवताचा परतलेला उजेड मिसळतो. ताम्हणने लिहिलेले ‘रंगीत कवडसे’ ते हेच. हवा कोरडी आणि स्वच्छ असली की हे फार ठसठशीत दिसतं.

राहिला सोफ्याचा मुद्दा. बोनार आणि त्याचे ‘नबी’ नावाच्या चित्रकार-गटातले मित्र तरुणपणापासून म्हणत होते की ईझलवरची (म्हणजे चित्राच्या घोडीवरची) सुटी चित्रं पुरे, आम्हाला भिंती द्या. पडदे, पोस्टर, रंगीत काचा, काहीही कमी प्रतीचं मानायचं नाही. बोनारची ‘बागेतल्या बायका’ ही चार उभी पॅनेलं (१८९१) मुळात घडीच्या पडद्यासाठी होती, मग त्याने ती सुटी केली. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. जपानी छापचित्रांचं त्याला इतकं वेड की मित्र त्याला ‘जपानी नबी’ म्हणूनच चिडवत. तेव्हा भिंत सजवणं ही त्याच्या दृष्टीने तडजोड नव्हती, त्याला तेच करायचं होतं.

आपल्याकडेही जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमनच्या काळात, १९२० च्या आसपास, भित्तिचित्रांचा खास वर्ग निघाला होता आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी नव्या दिल्लीच्या सचिवालयात काम केलं. तेव्हाही ‘ही सजावट की कला’ हा वाद झालाच होता. शंभर वर्षांत आपण तिथेच.

भुईनळा

रेघोट्यांनी सावलीचा रंग सांगितला, मी लांबी सांगतो. भूगोल शिकवतो, राहवत नाही.

आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. पोरं बाटली उभी करून फोटो काढतात. (दुसरा जुलैत येतो, तो ढगांमुळे कुणाला दिसत नाही.) म्हणजे आपल्या ऐन उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आणि सावली पायाखाली. सां-त्रोपे ४३ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ७० अंशांवर असतो आणि एक मीटरच्या काठीची सावली ३६ सेंटिमीटर पडते. दिवस सव्वापंधरा तासांचा, आपला मुंबईचा मोठ्यात मोठा सव्वातेराच्या आसपास. सूर्य तिरका उगवतो, तिरका मावळतो, त्यामुळे लांब सावल्यांचा वेळ पुष्कळ.

शिवाय तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस प्रामुख्याने शरद आणि हिवाळ्यात. आपल्या मेमध्ये किनाऱ्यावर बाष्प इतकं असतं की दुपारी लांबचं सगळं पांढुरकं होतं. त्यामुळे कोकणातल्या उन्हाळ्याचं चित्र त्या पद्धतीने काढायला गेलं की खोटं दिसतं. वेंगुर्ल्याच्या दुपारीला निळ्या-जांभळ्या लांब सावल्या दिल्या की समजावं, चित्रकाराने पुस्तक बघून काढलंय.

रेघोट्या

>> वेंगुर्ल्याच्या दुपारीला निळ्या-जांभळ्या लांब सावल्या

सर, नोव्हेंबर-डिसेंबरात या. तेव्हा मिळतात. पण मेबद्दल शंभर टक्के सहमत. मेमधलं आपलं ऊन रंग खाऊन टाकतं. ते रंगवायला पांढरा आणि राखाडीच लागतो, आणि ते कुणी विकत घेत नाही.

उंबरठा

>> शेवटी हे श्रीमंताच्या घरातलं सोफ्यामागचं चित्रच ना?

या वाक्याला दुसरी बाजूही आहे. याच सां-त्रोपेच्या किनाऱ्यावर एक भलंमोठं सजावटीचं चित्र झालंय आणि ते कुठल्याच धनिकाच्या घरात नाही. पोल सिन्याकचं ‘सुसंवादाच्या काळात’, १८९३ ते ९५. तीन मीटरहून उंच, चार मीटरहून रुंद. सिन्याक १८९२ मध्ये स्वतःच्या शिडाच्या बोटीतून सां-त्रोपेला पोचला. तेव्हा ते मासेमारीचं छोटं बंदर होतं, रेल्वेपासून आडबाजूला. तो पक्का अराजकवादी, म्हणजे सरकार आणि मालक दोन्ही नकोत म्हणणारा. त्याने चित्रात काय दाखवलंय, तर लोक फळं तोडतायत, कुणी वाचतंय, कुणी चित्र काढतंय, कुणी गोळ्यांचा खेळ खेळतंय, मागे नाच चाललाय. राबून मेलेला कुणी नाही आणि मालक कुणीच नाही. चित्राचं आधीचं नाव ‘अराजकाच्या काळात’ असंच होतं, पण १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा एका अराजकवाद्याने खून केला, धरपकड आणि खटले झाले, त्या वातावरणात नाव बदललं. जोडीला त्याने वाक्य दिलं होतं की सुवर्णयुग भूतकाळात नाही, ते पुढे यायचंय.

हे चित्र ब्रुसेल्सच्या कामगारभवनात लावायचा विचार होता, तो फिसकटला. सिन्याक गेल्यावर १९३८ मध्ये त्याच्या पत्नीने ते पॅरिसच्या शेजारच्या मोंत्रॉय या कामगारवस्तीच्या नगरपालिकेला दिलं. आजही ते तिथल्या नगरभवनातच आहे. लोक जन्मदाखले काढायला येतात त्या इमारतीत.

म्हणजे तोच समुद्र, तेच ऊन, तेच निवांत बसणं. सिन्याकला ते सगळ्यांसाठी हवं होतं, मोरोझोव्हने ते स्वतःच्या जिन्यासाठी घेतलं.

पेठेतला कावळा

उंबरठा, हे आवडलं. मग माझा मुद्दा आणखीच पक्का होतो! त्वेरच्या गिरणीत पाळी करणाऱ्या कामगाराने तो जिना कधी पाहिला असेल का? त्याच्या घामाच्या पैशातून मालकाने ऊन विकत आणलं. उलट १९१८ नंतरच ते त्याला बघायला मिळालं असणार, तिकीट काढून.

आणि चित्र म्हणूनही सांगतो, मला बोनारपेक्षा सिन्याकमध्ये दम वाटतो. बोनारच्या बायका नुसत्या बसल्यात.

ताम्हण

कावळा, गिरणीचा मुद्दा खोडता येण्याजोगा नाही, खोडणारही नाही. पण ‘दम’ म्हणाल तर मी सहमत नाही. सिन्याकच्या चित्रात प्रत्येक माणूस काहीतरी सिद्ध करायला उभा केलाय. हा वाचतोय म्हणजे ज्ञान, ती फळ देतेय म्हणजे समृद्धी. पाठ्यपुस्तकाचं मुखपृष्ठ बघतोय असं वाटायला लागतं. बोनारच्या बायका काहीच सिद्ध करत नाहीत आणि म्हणून मला त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबता येतं. उन्हाळ्याच्या दुपारी माणसं बसलेलीच असतात हो.

विचारपुशीत कुणीतरी विचारलंय की बोनार पॅनेलं लावायला मॉस्कोला गेला होता का. नाही. मापांवरून त्याने काम केलं. मोरोझोव्हच्या संगीताच्या दालनासाठी मोरिस दनी या चित्रकाराने सायकीच्या पुराणकथेवरची पॅनेलं केली होती, तो मात्र १९०९ मध्ये स्वतः गेला आणि दालनात ती लावल्यावर कशी दिसतात ते पाहून त्यांवर पुन्हा हात फिरवला. बोनारचं एवढं बरोबर बसलं याचं मला म्हणूनच जास्त नवल वाटतं, कारण हा माणूस एरवी स्वतःच्या चित्रांना वर्षानुवर्षं डागडुजी करत राहण्याबद्दल प्रसिद्ध!

तुलोंकर

धागा उशिरा वाचला. आम्ही तुलोंला राहतो, सां-त्रोपे किनाऱ्याने पूर्वेला. दोन गोष्टी जोडतो.

सां-त्रोपेचं बंदर उत्तरेला तोंड करून आहे. हा सगळा किनारा दक्षिणेकडे बघतो आणि हे गाव आखाताच्या दक्षिण काठावर असल्यामुळे उलटं बघतं. त्यामुळे बंदरावर उभं राहून पाण्याकडे बघितलं की दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समोरचं पाणी आणि पलीकडचे डोंगर पूर्ण उजळलेले. बाकीच्या गावांत दुपारी समुद्राकडे बघितलं तर नुसता चकचकाट, रंग काही दिसत नाही. चित्रकार याच गावात येऊन का अडकले याचं एक कारण हे असावं असं आमचं घरगुती मत.

दुसरं म्हणजे मिस्त्राल. रोनच्या खोऱ्यातून उतरणारा हा कोरडा, थंड वारा सुटला की आभाळ धुतल्यासारखं होतं आणि लांबच्या टेकडीवरची झाडं मोजता येतात. चित्रांतलं ते कडक निळं आभाळ बरेचदा मिस्त्रालचं असतं. चित्रात तो निवांत वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवशी छत्री, टोपी, ईझल, काहीच जागेवर राहत नाही. मुलं चिडचिडी होतात, दारं आपटतात, आणि शेजारीण म्हणते डोकं दुखतंय.

आणि चित्रात आवाज नाही याचं मला नेहमी हसू येतं. जुलैत पाइनच्या झाडांखाली सिकाडा हे किडे इतके कर्कश ओरडतात की फोनवर आईला विचारावं लागतं, काय म्हणालीस? आई म्हणते, रातकिडे दिवसा कसे गं?

निळीशाई

वाचतेय. आमच्या नागपूरचा एक माणूस या किनाऱ्याशी जोडलेला आहे, त्याचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते. सय्यद हैदर रझा. जन्म मंडला जिल्ह्यातला, १९२२ चा. शिक्षण आधी नागपूरच्या कला शाळेत, मग मुंबईत जे. जे.त. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५१ मधलं त्यांचं ‘ओ द कान्य’ पाहा, म्हणजे कान्य गावाचा जुना, टेकडीवरचा भाग. तोच दक्षिण फ्रान्स, पण बोनारचं काहीच नाही त्यात. ना पाला, ना मुलं, ना बसलेल्या बायका. टेकडीवर एकमेकांना चिकटलेल्या घरांचे कोन आणि पृष्ठभाग. गावात माणूसच नाही.

नंतर रझा आणि त्यांची चित्रकार पत्नी जानीन मोंजिया यांनी मांतोंजवळच्या गोर्बिओ गावात घर केलं, उन्हाळे तिथे काढले. पुढची बिंदूची, त्रिकोणांची बरीचशी चित्रं या काळातली. म्हणजे वर्षानुवर्षं त्या प्रसिद्ध उजेडात राहूनही त्यांनी तो रंगवला नाही, मंडला-नर्मदेकडचं काहीतरी रंगवत राहिले. २०१० च्या अखेरीस भारतात परतले, २०१६ मध्ये गेले, दफन मंडल्यातच.

ताम्हणच्या मूळ प्रश्नाला हे थोडं लागू होतं असं मला वाटतं. चित्र एका भिंतीला बांधलेलं असू शकतं. चित्रकार जिथे राहतो त्या उजेडाला बांधलेला असतोच असं नाही. बोनारनेही ते आठवणीतूनच काढलं.

पेठेतला कावळा

निळीशाई +१. रझांची ती सुरुवातीची गावं मला बिंदूंपेक्षा आवडतात. यावर वेगळा धागा काढा, इथे मी सोफ्यावर बसलोय.

दुपारची भाकरी

सगळ्यांनी फार उंचीवरून लिहिलंय, मला जमिनीवरचा प्रश्न आहे. या तीन पॅनेलांची मोठी छापील प्रत करून घरात लावायची असेल तर चालेल का? कायद्याने आणि बाकी सगळ्याने. हॉल पश्चिमेचा आहे, बोरिवली.

रेघोट्या

कायद्याने चालेल. बोनार २३ जानेवारी १९४७ ला गेला. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे २००८ पासून मोकळं. फक्त चांगला, मोठ्या आकाराचा फोटो मिळवा, फोनवरून उतरवलेला नको. आणि रंग छापायच्या आधी छोटा तुकडा छापून त्याच हॉलमध्ये दिवसा बघा. छापखान्यातल्या ट्यूबलाइटखाली हिरवा बरोबर वाटतो, घरी आणल्यावर शेवाळी होतो.

पश्चिमेच्या उन्हासमोर मात्र लावू नका. उन्हाचं चित्र उन्हात टिकत नाही. साध्या शाईची प्रत तर काही वर्षांतच पिवळं सोडून देते. अस्सल चित्रांनाही हे सुटलेलं नाही. फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहात मातिसचं १९०५-०६ चं ‘जगण्याचा आनंद’ आहे, त्यातलं झगझगीत कॅडमियम पिवळं काही ठिकाणी मळकट पांढरं, तपकिरी झालंय. ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्रावर प्रखर क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा कळलं की कॅडमियम सल्फाइडचं रूपांतर झालंय, उजेड आणि दमटपणा दोन्ही कारणीभूत. बोरिवलीत दोन्ही मुबलक.

दुसरं, बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का बघा. येत असेल तर आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून अंतर ठेवा, हवा खेळू द्या. नाहीतर गणपतीपर्यंत मागे बुरशी.

दुपारची भाकरी

धन्यवाद! फ्रेमवाल्याने ‘मॅडम, लॅमिनेट करून टाका, चमकतं’ असं सुचवलंय.

रेघोट्या

नको!!! मॅट. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब बघायचं असेल तर आरसाच लावा.

भुईनळा

तीन वेगळ्या फ्रेमा करा, मधे थोडी जागा सोडून. खांबांची आठवण राहील.

ताम्हण

भुईनळा सर, अगदी. आणि तिन्ही खालच्या कडेने एका रेषेत, जमिनीच्या जितकं जवळ जमेल तितकं. माणसं खाली बसलेली आहेत, त्यांना छताला टांगलं तर देखावा मोडतो.

तुलोंकर, तिकडे यायचं ठरवलं तर बोनारचं काय काय बघता येईल?

तुलोंकर

कान शहराजवळ ल कान्ने गावात बोनार संग्रहालय आहे, २०११ मध्ये उघडलं. त्याने १९२६ मध्ये त्याच गावात घर घेतलं होतं आणि तिथेच वारला. सां-त्रोपेत बंदरालगत एका जुन्या चॅपेलमध्ये आनोंसियाद संग्रहालय आहे, १९५५ पासूनचं. सिन्याक, मांगँ, मातिस, बोनार सगळे एका छताखाली, आणि जागा एवढी लहान की निम्म्या दिवसात बघून होतं.

फक्त जुलै-ऑगस्टमध्ये गाडीने येऊ नका. गावात शिरायला एकच रस्ता, त्यात तासन्‌तास अडकाल. गाडी सँत-माक्सिमला ठेवा आणि आखात ओलांडणारी बोट पकडा. मे किंवा सप्टेंबर उत्तम. सोमवार-मंगळवारी संग्रहालयं बंद असू शकतात, निघण्याआधी वेळा बघून घ्या.